हेरंबरावांचं एक्स्चेंज

बडोद्यात तरसालीच्या त्या सोसायटीत दुपारी दोन वाजता समुद्र यायचा.

येताना तो घंटा वाजवायचा. एक बारीक, एक जाड, मग जरा थांबून लागोपाठ पाच. मृदुला प्रधान तोवर स्वयंपाकघर आवरून शेजारच्या खोलीत चटईवर आडवी झालेली असायची. खिडक्या लावलेल्या, पंखा सावकाश फिरणारा, आणि भिंतीपलीकडे तिचे यजमान हेरंबराव पेटीचा दट्ट्या ओढून पहिली गोळी सोडणार. गोळी चढावरून सरसर वर जायची आणि रबरी खांबांवर आपटत, दिवे लावत खाली यायची. पेटीच्या मागे उभ्या काचेवर निळा समुद्र रंगवलेला होता. आतला दिवा लागला की त्याचा उजेड दाराच्या फटीतून मृदुलेच्या चटईपर्यंत यायचा. अर्धवट झोपेत तिला वाटायचं, चटई हलते आहे, घर हलतं आहे, आपण सगळे कुठेतरी निघालो आहोत आणि तिकिटं ह्यांच्याकडे आहेत.

चार वाजता समुद्र ओसरायचा. मग चहा.

ह्या पेट्यांना पिनबॉल म्हणतात. लहानपणी खिळे ठोकलेल्या फळीवर काठीनं गोळ्या ढकलत आपण बॅगाटेल खेळलो, तिचीच ही विलायतेत वाढलेली, विजेवर चालणारी थोरली बहीण. चार पायांवर उभी, वर काच, काचेखाली उतरती रंगीत फळी, मागे चित्राची काच आणि तिच्यात फिरणारे आकडे. अशा पाच पेट्या प्रधानांकडे होत्या, आणि घराच्या नकाशात जिला 'जेवणाची खोली' म्हटलं होतं तिच्यात होत्या. प्रधान मंडळी सोळा वर्षं स्वयंपाकघरातल्या घडीच्या टेबलाशी आळीपाळीनं जेवत होती.

हेरंबरावांचे आजोबा बडोदे सरकारच्या कचेरीत होते, वडील शाळेत संस्कृत शिकवत. भिंतीवरच्या फोटोंत सगळे पगडीत, सगळ्यांच्या हातात कागद. ह्या घराण्यात पक्कड पहिल्यांदा धरली ती हेरंबनं. सहासष्ट साली तो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये टेक्निशियन म्हणून लागला. त्याची थोरली बहीण विमलाताई पाहुण्यांना सांगायची, "आमचा हेरंब फोनच्या हापिसात साहेब आहे."

"साहेब खुर्चीत बसतो, ताई," हेरंब म्हणायचा. "मी शिडीवर असतो."

मृदुलेशी लग्न झालं एकाहत्तर साली. दुसऱ्याच महिन्यात एका रविवारी तो तिला एक्स्चेंज दाखवायला घेऊन गेला. इतरांचे नवरे कमाटीबागेत न्यायचे. लांबच लांब दालन, माणसाच्या दुप्पट उंचीच्या लोखंडी मांडण्या आणि त्यांत हजारो पितळी यंत्रं, प्रत्येक आपल्याशीच काही पुटपुटत असलेलं. गावात कुणी डायल फिरवली की त्यातलं एखादं टक टक करत पायऱ्या चढायचं, गर्रकन वळायचं आणि थांबायचं.

"हे कोण?" मृदुलेनं विचारलं.

"कुणास ठाऊक."

"आणि कुणाला फोन करतंय?"

"तेही नाही कळत. पण थांब." त्यानं मान कलती केली. खूप आत कुठेतरी बारीकसं खट् झालं. "लागला," तो म्हणाला, आणि फोन जणू त्यालाच आला असावा असा हसला.

मृदुलेनं पातळाचा पदर घट्ट धरून ठेवला होता, कुठे अडकेल म्हणून. पण पुढे कितीतरी दिवस तिला वाटत राहिलं की आपण शहराच्या डोक्यात जाऊन आलो. रस्त्यात कुणी गप्प उभं असलं तरी तिला ती टकटक ऐकू यायची.

हेरंब बिघाड कानानं शोधायचा. सकाळी साडेदहाला सगळं बडोदं एकदम बोलायला लागलं की भट्टीत फुटाणे उडावेत तसा आवाज व्हायचा, आणि त्यातला एक फुटाणा मुका राहिलेला त्याला कळायचा. डोळे मिटून मांडण्यांमधून चालत जायचा, थांबायचा, बोट ठेवायचा. बाकीचे मग शिडी आणायचे.

शहाण्णव साली नवं एक्स्चेंज आलं. चार कपाटांत मावणारं, गार खोलीत, चपला काढून आत जायचं. आवाज नाही. हेरंबराव एकदा आत गेले, दहा मिनिटं उभे राहिले, बाहेर येऊन चपला घातल्या आणि मुदतीआधी निवृत्ती मागितली.

त्यानंतरच्या दोन वर्षांना मृदुला 'ती वर्षं' म्हणते. भांडण नाही, दुखणं नाही, माणूस फक्त बोलेना. भाजीत मीठ नसलं तरी मान हलवायचे आणि जास्त झालं तरी तशीच. दिवसाकाठी न्हाणीघरातून एक शब्द यायचा, "टॉवेल." तेवढा तरी कानावर पडावा म्हणून ती टॉवेल मुद्दाम बाहेर ठेवायची.

अठ्ठ्याण्णव साली भावनगरला मृदुलेच्या मावसबहिणीकडे मुंज होती. परत येताना सोसायटीतल्या गुणवंतभाईंनी आपला टेम्पो अलंगच्या रस्त्याला घातला. अलंगला समुद्रकाठी जुनी जहाजं मोडतात आणि त्यांतलं सामान रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांतून मांडतात. गुणवंतभाईंचा धंदाच तो. गाद्यांचे ढीग, कपबश्या, गोल खिडक्या, नारिंगी रंगाची तरंगायची जाकिटं. तिथे मृदुलेला एक टेबल दिसलं. गोल, सागवानी, आणि कडेनं बोटभर उंच किनार. जहाज डोललं तरी ताटं घसरू नयेत म्हणून. तिनं किनारीवरून हात फिरवला आणि मनातल्या मनात चार ताटं मांडली, वाट्या मांडल्या, मीठ वाढलं.

"अहो, हे बघा ना," म्हणून वळली तर हेरंबराव नाहीत. गाद्यांच्या ढिगामागे एका उघड्या पेटीत कमरेपर्यंत वाकलेले होते.

"अहो, टेबल बघा!"

पेटीच्या पोटातून आवाज आला, "अगं, हे आपलं एक्स्चेंज आहे!"

दोन वर्षांतलं ते त्यांचं पहिलं पुरं वाक्य. मृदुला जवळ गेली. आत तीच कापडात गुंडाळलेली तार, त्याच पत्र्याच्या पातळ पट्ट्या, तेच रिले. वीज आली की खट्‌कन मिटणारं आणि गेली की उघडणारं पितळी दार, तो रिले. एकेका पेटीत असे पन्नासेक. कुठल्याशा जहाजावर खलाशी ह्या पेटीशी खेळत असतील, बाहेर खरा समुद्र आणि आत हा रंगवलेला. आता पेटीचे पाय गंजलेले, काचेवरच्या समुद्राचे पोपडे उडालेले, पण हेरंबरावांचे कान आत होते आणि ते एकेक रिले बोटानं दाबून त्याचा आवाज ऐकत होते.

टेम्पोत एकाच गोष्टीची जागा होती. मृदुलेनं टेबलाकडे एकदा पाहून घेतलं. "घ्या ती पेटी," ती म्हणाली.

टेबल पुढच्या खेपेला गुणवंतभाईंनी आपल्या गोदामात आणलं आणि त्यावर चहाचा स्टोव्ह मांडला. पण दर दिवाळीला न चुकता म्हणायचे, "भाभी, टेबल हजी तमारी राह जुए छे." वाट बघतंय. मृदुला हसून त्यांच्यापुढे चिवडा ठेवायची.

पेटी घरात आली त्या दिवशी विमलाताईंनी काचेतून आत डोकावून पाहिलं. उतरत्या फळीवर एक गोरी बाई पोहण्याच्या कपड्यांत पाण्यात सूर मारत होती.

"हेरंब, ही उघडी बाई आपल्या घरात?"

"पोहते आहे, ताई."

"मग नदीवर पोहू दे." आठवड्याभरात विमलाताईंनी क्रोशाचं एक झाकण विणून दिलं, पांढरं, झालरीचं. कुणी आलं की ते पेटीवर घालायचं असं ठरलं.

मग एकामागून एक आणखी चार पेट्या आल्या. गुणवंतभाई अलंगहून फोन करायचे, हेरंबराव एस.टी.नं जायचे. हत्यारांची गुंडाळी एक्स्चेंजमधलीच, खाकी कापडाची. पट्ट्या वाकवायचे आकडे, चिमटे, दाताच्या डॉक्टरचा छोटा आरसा. पट्ट्यांची टोकं साफ करायला जाड कागद लागतो, आणि लग्नपत्रिकेइतका चांगला कागद दुसरा नाही असं हेरंबरावांचं मत. घरात आलेली प्रत्येक पत्रिका उभ्या पट्ट्यांत कापली जायची. एकदा धनाजीराव शिर्क्यांच्या मुलाच्या लग्नाला दोघं नटूनथटून निघाले आणि रिक्षात बसल्यावर कळलं की कार्यालयाचं नाव समुद्राच्या पेटीत तीन नंबरच्या रिलेखाली गेलं आहे.

काचेवरच्या चित्राची डागडुजी मृदुलेकडे आली. तिचा हात रांगोळीचा. पोहणाऱ्या बाईचीच एक बहीण मागच्या काचेवर हात उंचावून उभी होती आणि तिच्या हाताची दोन बोटं उडाली होती. मृदुलेनं ती महिनाभर बसून भरली. नीट पाहिलं तर ती दोन बोटं बाकीच्या तिन्हींपेक्षा वेगळी आहेत, हळदकुंकू लावायला पुढे केल्यासारखी.

एक नियम मात्र हेरंबरावांनी पहिल्या दिवशीच घालून दिला. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात, तशा पेट्याही पुजायच्या. पण गंध-फूल फक्त बाहेरच्या लाकडाला. आत काही नाही. एक्स्चेंजमध्येही झेंडूची माळ पहिल्या मांडणीच्या कोपऱ्याला बांधत आणि कुंकवाची वाटी दाराबाहेर ठेवत. "कुंकवाचा एक कण पट्ट्यांमध्ये गेला की निम्मं सयाजीगंज मुकं," ते सांगायचे. सोळा वर्षं हा नियम कुणी मोडला नाही.

आणि सोळा वर्षं समुद्र दोनला येत राहिला.

ऐकू कमी येऊ लागल्याचं हेरंबरावांनी कुणाला सांगितलं नाही. मुलगी कांचन वासण्याहून आली की म्हणायची, "बाबा, टीव्ही केवढ्यानं लावता!" त्यावर ते म्हणायचे, "हल्लीचे लोक बोलतातच हळू." शेवटी तीच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. वयाचं आहे, बारीक आवाज आधी जातात, डॉक्टर म्हणाले आणि कानाचं यंत्र दिलं. हेरंबरावांनी ते लावून एकदा पेटी चालवली. सगळ्या रिलेंचा आवाज एकसारखा, पत्र्याचा. "यंत्रातून यंत्र ऐकू येत नाही," म्हणून त्यांनी ते काढलं आणि सुपारीच्या डबीत ठेवून दिलं.

यंदा दसऱ्याच्या दुपारी जेवणं जरा जडच झाली होती. मृदुला चटईवर पडली, डोळे मिटले, समुद्र आला. एक बारीक, एक जाड. मग लागोपाठ चार.

झोपेतच ती दचकली. जिना उतरताना शेवटची पायरी नसावी तसं झालं. पण झोप गोड होती, ती कुशीवर वळली.

हेरंबरावांना ते कळलं डोळ्यांनी. गोळी मधल्या खळग्यात पडली की पाचशे मिळायचे, शंभराचे पाच ठोके आणि पाच घंटा. आकडा चारशेवर थांबला होता. आतला कुठलासा रिले वेळेआधी सुटत होता. कुठला, ते डोळ्यांना दिसण्यासारखं नसतं. डोळा मिटायच्या आत सगळं होऊन जातं. ते कानाचं काम. पूर्वी त्यांनी पाचव्या मिनिटाला बोट ठेवलं असतं. आता रोज फळी उचलून, मान कलती करून ते पेटीशी उभे राहायचे. घंटा ऐकू यायची, पण तिच्या मागचं बारीक खट् कुठेच नव्हतं. पट्ट्या साफ केल्या, तारा तपासल्या. चारच. दहाव्या दिवशी त्यांनी फळी खाली ठेवली, काच सरकवली, विमलाताईंचं क्रोशाचं झाकण घातलं आणि गुणवंतभाईंना बोलावणं पाठवलं.

गुणवंतभाई आले ते खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाले, "काय भाभी, मजामां ने?"

"पाचही घेऊन जा," हेरंबराव म्हणाले. "तुमचा तो हायवेवरचा हॉटेलवाला मागत होता ना."

"अरे हेरंबभाई, एक बिघडी म्हणून पाचही?"

"मशीन नाही बिघडलं." हेरंबरावांनी आपल्या कानाला हात लावला.

गुणवंतभाईंनी मृदुलेकडे पाहिलं, मग त्या खोलीकडे. "रविवारी टेम्पो आणतो. रिकामा नाय आणणार. भाभीचा टेबल घालून आणतो. खोली खाली होईल ना आता."

मृदुलेनं त्या आठवड्यात खोलीची मापं घेतली. खोटं कशाला सांगायचं, घेतली. खिडकीखाली टेबल, भाऊबीजेला कांचनची मुलं, सगळे एकदम जेवायला बसलेले. एकीकडे हे, आणि दुसरीकडे हेरंबराव घरापुढच्या ओटल्यावर पेपरची घडी न उलगडता बसलेले. मीठ जास्त, मान हलली. मीठ कमी, मान हलली. शनिवारी सकाळी ते आंघोळीला गेले आणि ती सवयीनं हाकेची वाट बघत दाराशी उभी राहिली. हाक आली नाही. टॉवेल ते स्वतःच आठवणीनं आत घेऊन गेले होते.

मृदुला बराच वेळ त्या बंद दारासमोर उभी होती. ती वर्षं परत आली होती, आणि ह्या वेळी अलंगच्या रस्त्यावर सापडेल असं काही उरलं नव्हतं.

दिवाळी आठवड्यावर आलेली. निदान पेट्यांखालचं झाडून तरी देऊ म्हणून ती केरसुणी घेऊन वाकली. समुद्राच्या पेटीखाली, तळाला हवेसाठी भोकं असतात तिथे, जमिनीवर तांदळाचे दोन दाणे पडले होते. लाल दाणे. कुंकवात भिजवून वाळलेले.

ती तिथेच फरशीवर बसली.

नवमीला सकाळी हेरंबराव वासण्याला गेले होते. जावयानं नवी स्कूटर घेतली होती, पूजेला वडीलधारं कुणी हवं म्हणून. इथली पूजा मृदुलेनं एकटीनं केली. विळी, शिलाईमशीन, खाकी गुंडाळी, मग पेट्या. काचेवर धूळ होती. सोळा वर्षं बघत आल्यामुळे काच कशी काढायची ते तिला ठाऊक होतं. छोटं दार उघडायचं, आतली कळ दाबायची, पट्टी उचलायची, काच सरकते. काच पुसून झाली आणि तिची नजर त्या पोहणाऱ्या बाईवर गेली. इतकी वर्षं ही बाई घरात, खात्यापित्या घरची दिसते, आणि सणाच्या दिवशी कपाळ मोकळं. मृदुलेनं तिला कुंकू लावलं. कुंकू लावलं म्हणून अक्षता वाहिल्या. फळी उतरती, दाणे घरंगळले. फळीत जागोजागी बोटाएवढ्या फटी होत्या, त्यांतून तारांची टोकं वर आलेली. दाणे कुठे गेले ते तिनं पाहिलं नाही. वाहिलेल्या अक्षता कुठे जातात ते कोण बघतं?

आता ती बघत होती. तळहातावर दोन दाणे, समोर झाकण घातलेली पेटी. गप्प राहिलं तर उद्या खोली रिकामी. सांगितलं तर सोळा वर्षांचा नियम आपण मोडला, तेही एका रंगवलेल्या बाईसाठी. ती उठली आणि ओटल्यावर गेली.

"अहो."

हेरंबराव रस्त्याकडे बघत होते.

"अहो, बिघाड तुमचा नाही. मी आत अक्षता टाकल्या!"

त्यांनी वळून पाहिलं, पण ऐकू आलं नाही असं चेहरा सांगत होता. ती आणखी जोरात म्हणाली, "नवमीला! अक्षता! मी!" समोरच्या अगाशीवर गाद्या वाळत घालणाऱ्या शेजारणीनं वाकून विचारलं, "शुं थयुं, मृदुलाबेन?"

"काही नाही हो, अक्षता!" मृदुला वर बघून ओरडली, आणि मग ओरडणं सोडून तिनं नुसती मूठ उघडली.

हेरंबरावांनी दाणे पाहिले. चष्मा काढून पुन्हा पाहिले. मग बोट पेटीच्या खोलीकडे केलं. तिनं मान हलवली.

"आत?"

"आत."

"सोळा वर्षं सांगतोय मी..."

"सोळा वर्षं ऐकलं की. एकदा नाही ऐकलं." तिनं मूठ मिटून घेतली. "कपाळ मोकळं होतं हो तिचं."

हेरंबराव उठले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा ते भराभर चालले. क्रोशाचं झाकण निघालं, काच निघाली. पोहणाऱ्या बाईच्या कपाळावर फिकट लाल ठिपका अजून होता. त्यांनी एकदा त्याच्याकडे, एकदा मृदुलेकडे पाहिलं आणि फळी उचलली. फुंकणीनं फुंकून, कुंचल्यानं झाडून त्यांनी दाणे गोळा केले. वायरींच्या जाळ्यातून, मोटरच्या खाचेतून, लग्नपत्रिकेच्या एका जुन्या पट्टीखालून. मूठभर नव्हते, पण चिमणीचं पोट भरेल एवढे होते. मग दट्ट्या ओढला, गोळी खळग्यात पडली.

चार.

हेरंबराव स्टुलावर बसले. "एखादा अडकलाय कुठेतरी. पन्नास रिले, दोनशे पट्ट्या." आणि हातांकडे बघत म्हणाले, "मला बारीक ऐकू येत नाही, मृदुला. दोन वर्षं झाली."

"चार."

त्यांनी मान वर केली. मृदुलेनं चार बोटं दाखवली.

"ठाऊक होतं तुला?"

"मी भिंतीपलीकडेच असते."

ते स्टुलावरून उठले. मग स्टूल तिच्याकडे सरकवलं. "बस. ऐक तू."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"रोज दुपारी ऐकतेस."

"ते झोपेत!"

"मग झोप," हेरंबराव म्हणाले.

बाहेर ऊन टळटळत होतं. त्यांनी खिडक्या लावल्या, पंखा सावकाश केला. मृदुलेनं पेटीच्या कडेला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. मिटल्या पापण्यांवर निळा उजेड आला. गोळी पडली. सुरुवातीला नुसता गलका होता, लग्नघरासारखा. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. मग गलक्यातून वाटा दिसू लागल्या. आधी एक जाड धप्, ती मोटर. मग खट्, आणि घंटा. खट्, घंटा. प्रत्येक घंटेआधी तिचा तिचा खट्, आणि त्या सगळ्यांच्या तळाशी एक बारीक, ताणून धरलेली घरघर. कुणीतरी दार धरून उभं असावं तशी. चौथ्या घंटेनंतर ते दार सुटत होतं. घाईनं, अवेळी. तिला एकदम ते लांब दालन आठवलं, पदर घट्ट धरलेली आपण, आणि मान कलती करून उभा असलेला तो.

"तिथे," ती डोळे न उघडता म्हणाली आणि हात लांब केला. "डावीकडे. नाही, खाली. आणखी मागे. हां."

हेरंबरावांनी तिचं बोट होतं तिथे बोट ठेवलं. आरसा आत घातला. मोटरशेजारच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध अर्धा दाणा होता, कुंकवानं चिकटून दगडासारखा झालेला. बाहेरून दिसण्यासारखा नव्हताच. चिमट्यानं काढताना त्यांचा हात जराही हलला नाही.

दट्ट्या. गोळी. ते पेटीकडे बघतच नव्हते, तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

"लागला?" त्यांनी विचारलं.

"लागला," मृदुला म्हणाली.

रविवारी गुणवंतभाईंचा टेम्पो आला, वर दोरीनं बांधलेलं टेबल. ऐकू न येणारी माणसं बोलतात तेवढ्या मोठ्यानं हेरंबराव ओटल्यावरूनच ओरडले, "गुणवंतभाई, नथी आपवां! द्यायच्या नाहीत!"

"अरे! हॉटेलवाल्याला काय सांगू?"

"सांगा, पेट्यांच्या मालकिणीनं नाही म्हटलं."

गुणवंतभाईंनी डोकं खाजवलं. "तो आ टेबलनुं शुं करूं? माझा स्टोव्ह पण आता दुसरीकडे मांडला."

टेबल आत आलं. पेट्या इकडेतिकडे सरकवून खोलीच्या मधोमध कसंबसं बसलं. मृदुलेनं ओल्या फडक्यानं ते पुसलं, किनारीवरून हात फिरवला आणि ताटं आणायला आत गेली. ताटं घेऊन येते तो समुद्राच्या पेटीतले स्क्रू, कमानी, गोळ्या, चिमटे, सगळं टेबलावर पसरलेलं.

"किनार बघितलीस?" हेरंबराव म्हणाले. "एक स्क्रू खाली पडत नाही. इतकी वर्षं का नाही घेतलंस हे?"

मृदुलेनं हातातली ताटं घडीच्या टेबलावर नेऊन ठेवली. घरातल्या बाईनं अशा वेळी काय काय बोलावं ते सगळं तिच्या मनात येऊन गेलं. पण न्हाणीघरातून आज सकाळी "टॉवेल!" अशी खणखणीत हाक आली होती, म्हणून तिनं ते उद्यासाठी ठेवलं.

जेवणं झाली. दोन वाजले.

"जा, पड जरा," हेरंबराव म्हणाले.

ती गेली नाही. दारात उभी राहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

"अजून चार पेट्या आहेत," ती म्हणाली.

"त्यांना काय झालंय?"

मृदुला जवळ आली आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "त्यांनाही वाहिल्या होत्या."

"चारी?"

"एकीला कुंकू लावायचं आणि बाकीच्यांना नाही, असं कधी करतात का?"

हेरंबरावांनी खाकी गुंडाळी टेबलावर उलगडली, स्टूल दुसऱ्या पेटीपाशी नेऊन ठेवलं आणि बसायची खूण केली. मृदुलेनं खिडक्या लावल्या. ह्या पेटीच्या काचेवर डोंगर होते, पांढरे, आणि त्यांवरून माणसं लाकडी फळ्या पायाला बांधून घसरत चालली होती. दिवा लागला, खोली हळूहळू पांढरी झाली. तिनं कडेला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. तरसालीत त्या दुपारी बर्फ पडायला लागला.